पायाशी लिफाफा

बॅकपॅकिंगला स्लीपिंग बॅग घ्यावी की क्विल्ट, असं गेल्या आठवड्यात इथे कोणीतरी विचारलं होतं. उत्तर लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की माझं उत्तर त्या धाग्यात बसणारं नाही... म्हणून वेगळं लिहितोय.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. 'आपोआप झालं' असं लोक म्हणतात आणि मी कारण शोधून त्यांच्या हातात ठेवतो, हाच माझा धंदा. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायला उठतो. तेव्हा पुढचं वाचून हसलात तरी चालेल, मीही हसलो असतो.

आम्ही मॅसेच्युसेट्समध्ये, श्रूजबरीला राहतो. लेक सई नोकरीसाठी सिअ‍ॅटलला निघाली होती. जायच्या आधी बाबाबरोबर दोन रात्रींचा ट्रेक करायचा, हे तिनेच ठरवलं. ऑक्टोबरचा लाँग वीकेंड, न्यू हॅम्पशायरचे डोंगर. अडचण एकच – माझे पाय. डायबेटिसमुळे घोट्याखाली मला फारसं काही जाणवत नाही. बोटं गारठून काळीनिळी पडली तरी कळणार नाही. डॉक्टर म्हणाले, जा, पण पाय रात्रभर उबदार राहिलेच पाहिजेत. बायको, अनघा, एवढंच म्हणाली, "दहाच्या दहा बोटं घेऊन ये, म्हणजे झालं."

दुकानात सई आणि मी तासभर जमिनीवर लोळलो. ममी बॅगची, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या बंद स्लीपिंग बॅगची, झिप गळ्यापर्यंत ओढली आणि माझा जीव घुसमटला. सई खिदळत होती, "बाबा, यू लुक लाइक अ मोदक!" मग क्विल्ट पाहिली. ही म्हणजे आपली रजईच, फक्त हलकी. पाठीखाली कापड नाही, वरून पांघरायची आणि नाडी ओढून तिचं पायाकडचं तोंड आवळायचं. पण कितीही आवळलं तरी मुठीएवढं भोक राहायचंच.

"दॅट होल, बाबा. युअर फीट!"

"अगं, मोजे आहेत ना!"

हट्ट माझाच. क्विल्ट घेतली.

कॅम्पला लाकडी फळ्यांवर आमचे दोन छोटे तंबू शेजारी शेजारी होते. पहिल्या सकाळी जाग आली ती सईच्या ओरडण्याने. "बाबा, माझं पाणी फ्रीझ झालंय! चेक युअर फीट!" मी धडपडत उठून बसलो आणि हाताने पाय चाचपले. गरम. चांगले गरम! आणि नाडी तर सुटलेली होती. पण क्विल्टच्या दोन्ही कडा आत मुडपल्या होत्या आणि उरलेलं टोक टाचांखाली घट्ट खोचलेलं होतं. लिफाफा बंद करतात तसं.

ही घडी माझ्या ओळखीची होती. नागपूरला लहानपणी मी आणि माझा मोठा भाऊ – दादा – एका रजईत झोपायचो. मी झोपेत लाथा मारून रजई उडवायचो. मग दादा माझे पाय उचलून अशीच घडी घालायचा, वर एक थाप मारायचा आणि म्हणायचा, "पोस्ट केला!"

दादाशी मी चार वर्षं बोललो नव्हतो. आमचे बाबा गेले तेव्हा मी उशिरा पोहोचलो, सगळं आटोपल्यावर. दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "पाहुणे आले." मी तिसऱ्या दिवशी परत निघालो. तेव्हापासून दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा अनघा आणि वहिनी आपसात देतात.

सईला विचारलं, घडी तू घातलीस का? "मी नाही. आय थॉट यू डिड इट." मी फोटो काढून ठेवला – सवयच आहे. दुसऱ्या रात्री नाडीला दोन गाठी मारल्या आणि तंबूच्या झिपची दोन्ही टोकं आतून सईच्या हेअरबँडने बांधली.

सकाळी हेअरबँड जसाच्या तसा होता. नाडीच्या गाठी सुटलेल्या. पायाशी लिफाफा.

भीती नाही वाटली. दादाची आठवण आली, आणि आठवण आली याचाच राग आला.

घरी आल्यावर कार्पेटवर सात वेळा करून पाहिलं, अनघासमोर. झोपल्या झोपल्या तशी घडी स्वतःच्या पायांना घालताच येत नाही. पाय उचलून धरायला दुसरं कोणीतरी लागतं.

मंगळवारी सकाळी फोन वाजला. दादा. ना हॅलो, ना काही.

"पाय कसे आहेत बे तुझे?"

माझ्या पायांचं त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. अनघाने सईची शपथ घेतली, वहिनींना कधीच बोलले नाही म्हणून. तेवढ्यात वहिनींनी फोन ओढून घेतला. "अहो भावजी, समजवा जरा यांना! रविवारी नि सोमवारी भर दुपारी पाय बर्फासारखे गार पडले यांचे. ऑक्टोबरची ही उष्णता, आणि हे दोन-दोन मोजे घालून बसले! डॉक्टर म्हणे सगळं नॉर्मल आहे. आणि यांचं एकच, धाकट्याला फोन लाव, धाकट्याला फोन लाव..."

आमची पहाट म्हणजे त्यांची दुपार. हिशोब तुम्हीच करा.

मी "बरे आहेत" एवढंच म्हणू शकलो आणि रडलो. दादाने फोन परत घेतला आणि म्हणाला, "पांघरूण नीट घेत जा बे."

वर्ष होत आलं. कारण अजून सापडलेलं नाही, शोधणंही मी सोडलंय. तर, मूळ प्रश्नाचं उत्तर: क्विल्ट मस्त आहे, हलकी आहे, जरूर घ्या. मी मात्र माझी विकली आणि पायाकडून शिवून बंद केलेली ममी बॅग आणली. जीव घुसमटतो, पण आता झिप गळ्यापर्यंत ओढूनच झोपतो. दादा एकसष्टचा झालाय, आणि त्याला थंडी अजिबात सोसत नाही.