लुगडं दिसलं की डावीकडे

बापूकाका गेल्याचं मला शेजारच्या जनाबायकडून कळलं. मी कॉलेजातून येत होते. "बाय, तुजा काका गेला गो," त्या म्हणाल्या आणि मी सवयीने विचारलं, "स्टेशनाकडे का?" त्यांनी माझ्या हातातली पुस्तकं काढून घेतली, तेव्हा समजलं...

बापूकाका बाबांचे थोरले भाऊ. तरुणपणीच त्यांना न दिसणाऱ्या माणसांचे आवाज ऐकू येऊ लागले. पुढची कितीतरी वर्षं इस्पितळात गेली. नव्या गोळ्या निघाल्या, आवाज जरा दबले आणि म्हातारपणी ते आमच्याकडे आले. डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी इंग्रजी शाळेतली. मला त्याचं स्पेलिंगसुद्धा येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "जुनं आठवेल. नवं शिकायला फार वेळ लागेल."

जुनं फारच आठवायचं. आम्ही ठाण्याहून डोंबिवलीला राहायला आलो होतो, हे मात्र काकांच्या ध्यानात राहीना. फिरायला निघाले की गाडी पकडून ते थेट ठाण्याच्या जुन्या घरी जात. तिथले नवे भाडेकरू सज्जन. चहा पाजून परतीच्या गाडीत बसवून देत. शेवटी बाबा वैतागले. "दिवाळीपर्यंत दादाला हे घर सापडायला लागलं नाही, तर पुन्हा इस्पितळ. रोज कोण शोधणार?"

काकांनी ते ऐकलं. मला हळूच म्हणाले, "तू शिकव. तू फार बोलत नाहीस. माझ्या डोक्यात आधीच गर्दी असते."

उन्हाळाभर आम्ही दोघं स्टेशन ते घर चालत राहिलो. विहीर, वखार, देऊळ, काही टिकेना. टिकलं ते एकच, जनाबायच्या दांडीवरचं हिरवं लुगडं. ते दिसलं की डावीकडे. मी खुशीत होते, तोच एक दिवस जनाबाय तावातावाने आल्या. "अगो, मी ता लुगरा नेसून बाजारान गेली, तं तुजा काका मना बगून डावीकडं वलला नि गिरणीन शिरला! पिठानी भरलाय नुसता!"

काका मागेच उभे होते, पांढरेफटक. "पण मी बरोबर वळलो," ते म्हणाले.

मी भीतभीत बाबांची अट सांगितली. जनाबायनी अंगावरच्या हिरव्या पदरावरून हात फिरवला. ते त्यांचं बाहेर नेसायचं एकुलतं एक चांगलं लुगडं. "मंग नाय नेसत," एवढंच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून लुगडं रोज सकाळी दांडीवर दिसू लागलं.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी काका एकटेच दारात येऊन उभे राहिले. बाबांनी त्यांच्यामागे कोणी आहे का ते डोकावून पाहिलं आणि आईला हाक मारली, "अगं, दादाचं पान वाढ." शिकलेलं ते पुढे कधी विसरले नाहीत. वाटेत आवाज फार झाले, तर त्यांनाच दटावत, "थांबा हो, वळण आलंय."

काका जाऊन महिना झाला. परवा मी धीर करून जनाबायना म्हटलं, "आता नेसा ना ते लुगडं."

"नेसन गो, नेसन," त्या म्हणाल्या.

काल कॉलेजातून येताना ते दांडीवरच होतं. जाता जाता मी हात लावून पाहिला... घडीच्या रेघा तशाच होत्या. धुतलेलं नव्हतंच, कोरडंच वाळत घातलं होतं.