काकांचा फुगा

चित्रकथा करणारी शहाणी माणसं आधी संवाद लिहितात आणि मग चित्र काढतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमचं सगळं उलटं. माझी मैत्रीण आधी चित्र काढायची, माणसांच्या डोक्यावर बोलण्याचे फुगे काढायची आणि ते रिकामे फुगे मला पाठवून द्यायची. घे, भर. फुगे तरी केवढे, तर लिंबाएवढे. ती सातपूरला एका वर्कशॉपमध्ये यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करते. तिच्या लेखी कागदावरची खरी जागा वस्तूची, अक्षरांनी आपलं कोपऱ्यात अंग चोरून बसायचं. बाकाचा एकेक बोल्ट दिसेल असा बाक काढेल बाई, आणि बाकावरच्या माणसाला तोंड उघडायला जागा नाही. मी शाळेत गणित शिकवते आणि थोडक्यात बोलायची मला सवय नाही. आमची निम्मी भांडणं या फुग्यांवरून झाली.

चित्रकथेचं नाव होतं ‘बाकावरचे काका’. दर रविवारी सकाळी चार चौकटी इंटरनेटवर टाकायच्या, एवढाच उद्योग. दोघींनाही यातलं काही येत नव्हतं. वाचक म्हणाल तर तिच्या दोन आत्या, माझ्या शाळेतल्या बायका, कॉलनीतली काही मंडळी आणि घोटीचा एक तांदळाचा व्यापारी. हा गृहस्थ कोण हे आम्हाला आजही माहीत नाही, पण प्रत्येक चित्राखाली न चुकता हात जोडून जायचा.

बाकावरचे काका म्हणजे तिचे वडील. ती त्यांना अप्पा म्हणते, मी काका. नाशिक रोडला सरकारी नोकरीत जन्म गेला, निवृत्त झाले आणि कॉलनीच्या बागेतल्या एका बाकाचा त्यांनी ताबा घेतला. तिथे बसून ते सगळ्या जगाला नावं ठेवायचे. माणसं चालायला येतात ती गाडीवर बसून येतात. द्वारकेच्या सर्कलला ट्रॅफिकमध्ये एकदा अडकलं की लग्नाला निघालेला माणूस बारशाला पोचतो. आणि प्रत्येक वाक्याच्या आधी किंवा नंतर, कधी दोन्हीकडे, ‘हात्तिच्या!’ चहा गार झाला, हात्तिच्या. सरकार पडलं, हात्तिच्या. एवढ्या एका शब्दावर त्या माणसाचं सगळं राजकारण आणि संसार चालायचा.

आपलं चित्र निघतं हे त्यांना ठाऊक होतं. वर वर रागवायचे, ‘काय पोरी आहेत, बापाला विकताहेत’ म्हणायचे. पण मी घरी गेले की मुद्दाम एखादं वाक्य टाकायचे आणि ते मी उचलतेय का, हे पेपरच्या आडून बघायचे. लेखिका म्हणून खाली माझं नाव असायचं खरं. काम म्हणाल तर त्यांच्या वाक्यांना फुग्यात बसतील एवढी कात्री लावायची, बस्स.

एकदा ते म्हणाले होते, “पूर्वी थंडी नाशिकला राहायला यायची, आता नुसती भेटायला येते.” मला ते इतकं आवडलं की मी घरी जाईपर्यंत घोकत होते. पण फुग्यात ते मावेना. अक्षरं बारीक करून पाहिली तर मुंग्या दिसायला लागल्या. शेवटी ‘थंडी आता नुसती भेटायला येते’ एवढंच ठेवलं. रविवारी काकांनी टॅबवर ते पाहिलं आणि खरोखरचे चिडले. माझं अर्धं वाक्य खाल्लंत म्हणाले. राहायला यायची हे कळलं नाही तर भेटायला येते यात गंमत कसली? मग लेकीकडे वळले. “बाकाला एवढी ऐसपैस जागा देतेस, आणि बापाला बोलायला एवढीशी? माझा फुगा मोठा काढ.” ती हो हो म्हणाली. पुढच्या रविवारी फुगा पुन्हा लिंबाएवढाच.

मग एका सकाळी काका आंघोळीहून आले आणि कॉटवर बसता बसता कलंडले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा माणूस तोच, डोळे तेच, सांगितलेलं सगळं कळत होतं. फक्त आतलं बाहेर येत नव्हतं. सोसायटीतली, समाजातली माणसं भेटायला यायची, दारातूनच ‘जय भीम, काका’ म्हणायची. काका डावा हात उचलायचे, ओठ हलवायचे आणि मान खाली घालायचे. मला ते बघवायचं नाही. मी स्वयंपाकघरात काकूंना मदत करण्याच्या नावाखाली पळायचे.

साधारण महिन्याभराने एक शब्द परत आला. कुठला, ते सांगायला नको. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. जन्मभर तोंडात बसलेला शब्द आपला आपण बाहेर पडतो, ठरवून बोलायला गेलं की मात्र काही येत नाही. तर पाणी हवं, हात्तिच्या. पाय दुखतोय, हात्तिच्या. नातेवाइकांनी आता उठावं, तरीही हात्तिच्याच. घरचे सगळे त्या एका शब्दाचा अर्थ लावत बसायचे आणि बहुतेक वेळा चुकायचे.

चित्रकथा बंद पडू द्यायची नाही, असं मीच धरून बसले होते. बंद केली तर काका काय समजतील? आपण पुन्हा बोलणार नाही, हे पोरींनी धरूनच टाकलं, असंच ना? ती काहीतरी काढून द्यायची, मी माझ्या मनाने फुगे भरायचे. काय भरत होते देव जाणे. माझे बाकावरचे काका अचानक गोड बोलायला लागले. पाखरांना दाणे काय टाकतात, मुलांना आशीर्वाद काय देतात! टॅब समोर धरला की खरे काका एकदा बघायचे आणि डाव्या हाताने माशी हाकलावी तसा तो बाजूला सारायचे. अस्सा राग यायचा मला. मग माझ्या लक्षात आलं की त्यांचं बरोबर आहे. दयेपोटी मी त्यांना पार मिळमिळीत करून टाकलं होतं. मैत्रिणीने तर पेनच ठेवून दिलं. आता पुरे, मला नाही जमत, म्हणाली.

आणि मग ते दुधाचं प्रकरण झालं.

रविवार होता. काका खुर्चीत, आम्ही सगळे भोवती. त्यांच्या खुर्चीतून स्वयंपाकघरातला गॅस सरळ दिसतो, आमची त्याकडे पाठ. काका एकदम म्हणाले, हात्तिच्या. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. काका जोरात म्हणाले, हात्तिच्या. मैत्रिणीने शाल पांघरली. मी पंखा बंद केला, शेजारचे काका आले होते ते गोळ्यांचा डबा शोधायला धावले. काका आता लाल झाले होते, हात्तिच्या हात्तिच्या चाललं होतं, आणि आम्ही त्यांचे पाय चोळत होतो, पाठ चोळत होतो, कुणी डॉक्टरला फोन लावत होतं. तेवढ्यात करपल्याचा वास आला. अख्खं दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळलं होतं. घरात सगळं धड दिसत असलेला माणूस एकच होता आणि आम्ही त्यालाच शाली पांघरत होतो.

काका हसले. दुखण्यानंतर पहिल्यांदा, वाकड्या तोंडाने, पण पोट हलेपर्यंत हसले. आम्हीही हसलो, आणि काकू हसता हसता ओटा पुसायच्या फडक्यानेच डोळे पुसायला लागल्या.

जिन्यात मी मैत्रिणीला म्हटलं, हे काढ. ती माझ्यावर उसळलीच. बापाची वाचा गेली त्याचा तमाशा करू का, म्हणाली. लोक फिदीफिदी हसतील. तुझे वडील असते तर काढलं असतंस का? हे मात्र मला लागलं. रागात मी घरी निघून गेले आणि दोन-चार दिवस तिला फोनसुद्धा केला नाही. ती म्हणत होती त्यात चूक काही नव्हतं. हसू कुणाचं होईल याची खात्री कोण देणार? शेवटी मीच फोन केला. म्हटलं, अगं, यात हसू काकांचं नाहीच, आपलं आहे. येडे आपण दिसतोय. आणि टाकायचं की नाही ते तू नको ठरवूस, मीही नको. ज्याचं आहे त्याला विचारू. ती काढते म्हणाली. पण त्यांनी हात झटकला तर हे चित्र तर जाईलच, त्याबरोबर बाकावरचे काकाही कायमचे बंद, हे तिने मला आधीच बजावलं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही त्यांना चष्मा लावून दिला आणि टॅब मांडीवर ठेवला. काकू शेजारी बसल्या. एकेक चौकट काका सावकाश बघत होते. पाण्याचा पेला, शाल, मागे वर चढणारं दूध. ओठाचा कोपरा जरा हलला. मग शेवटची चौकट आली: उतू गेलेलं दूध, काकांभोवती आमची गर्दी, आणि त्या गर्दीच्या वर लिंबाएवढ्या फुग्यात त्यांचा शब्द. तिथे ते थांबले. चेहरा घट्ट झाला. मैत्रिणीने माझं मनगट धरलं होतं.

“नको ना अप्पा? राहू दे, नाही टाकत,” ती म्हणाली आणि टॅब घ्यायला वाकली.

काकांनी डाव्या हाताने टॅब स्वतःकडे ओढला. फुग्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हात्तिच्या.” मग बोटं फाकवली. पुन्हा फुग्यावर बोट, पुन्हा फाकवली.

“पाणी हवंय का हो?” काकूंनी विचारलं. काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला एकदम सगळं कळलं.

“फुगा,” मी म्हटलं. “मोठा कर म्हणताहेत.”

तिने फुगा दुप्पट केला. काकांनी मान हलवली, आणखी. फुग्याखाली शेजारचे काका गेले. आणखी. शाल घेऊन उभी असलेली ती स्वतः गेली, मग मी गेले, पेल्यासकट काकू गेल्या. फुगा गॅसपर्यंत आला तेव्हा मी न राहवून म्हटलं, काका, दूध झाकलं गेलं तर गंमत कळणार नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, थंडीच्या वाक्याच्या वेळी पाहिलं होतं तसंच. म्हटलं बरं, जाऊ द्या दूध. शेवटी चौकटीत खाली त्यांच्या चपला तेवढ्या उरल्या. मग त्यांनी टॅब लेकीच्या हातात दिला आणि मागे टेकून डोळे मिटले.

अक्षरं बसवायचं काम माझं. शब्द भरपूर मोठा केला, तरी चारी बाजूंनी पांढरी जागा उरली. आमच्या चित्रकथेत असं कधी झालं नव्हतं. मी त्या जागेकडे बघत बसले. थंडीचं ते वाक्य आता तिथे अख्खं मावलं असतं.