डँडेलियनवाली मावशी

“देख पोरी, उडी ऱ्हायनी!” म्हणत मावशी माझं मनगट धरून ओढायची. काय उडतंय ते बघायला मी मान वर केली की म्हणायची, “वर नाही गं, इथे.” आणि बोट असायचं मांडीवरच्या साडीवर.

सुरतेच्या डिंडोलीत आमच्या शेजारच्या खोलीत ती भाड्याने एकटीच राहायची. मूळची खानदेशची. कापड मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे यायचे आणि ती ओट्यावर बसून त्यांवर खडे चिकटवायची. तुम्ही सुरतेत राहिला असाल तर अशा बाया गल्लोगल्ली पाहिल्या असतील. एका प्रिंटवर तिचा फार जीव: बारीक देठावर पांढरा गोल पिसारा, आणि वाऱ्यावर सुटलेल्या दोनचार काड्या. मार्केटात त्याला डँडेलियन म्हणतात. मी बी.कॉम. झाले, आमच्या घरातली पहिली, पण खरं फूल मीही पाहिलेलं नाही. मावशी म्हणायची, “आमच्या बांधावर रुईचं बोंड फुटलं की असंच उडतं.”

मग तिला ते सगळीकडे दिसायला लागलं. लग्नाच्या हॉलमधलं झुंबर. माझ्या आईची टाचण्या खोचलेली कापडी उशी. एकदा बाजारातून तिने गोल पांढरा ब्रश आणला आणि टीव्हीशेजारी पेल्यात उभा केला.

“मावशी, तो संडासचा ब्रश आहे!”

“मग? अजून गेलाय का तो संडासात?”

ब्रश तिथेच राहिला.

एका दिवाळीआधी गठ्ठा न्यायला आलेला माणूस साडी उलगडून खूश झाला. “मासी, नवी डिझाइन? सरस छे!” मीही वाकून पाहिलं. खडा एरवी फुलाच्या मधोमध बसायचा. आता तो दोन बोटं बाजूला, कोऱ्या कापडावर होता. प्रत्येक फुलाचा तसाच. दिसत होतं मात्र सुंदर.

तो गेल्यावर मी विचारलं, “मुद्दाम केलंस?”

“उडी ऱ्हायनी ना,” ती म्हणाली. पण हसली नाही. मी बाजूने, तिच्या डोळ्याच्या कडेला हात हलवला. तिला कळलंच नाही.

दवाखान्यात काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाने टिकली तर टिकली, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर बाकावर तिने माझा हात घट्ट धरला. “मन्हा पोऱ्याले सांगू नको. तो गावाला नेईल. तिथे नुसती खाटेवर बसून राहीन मी. इथे काम आहे, बघायला काहीतरी आहे.”

थेंब ती वेळच्या वेळी घालायची. तरी नजर कडेकडून आत आत सरकत गेली. शेवटी शेवटी खडे माझी आई चिकटवायची आणि मावशी शेजारी बसून साडी नाकाशी धरायची. मग एके सकाळी ती ओट्यावरून घसरली. हात मोडला. आता मुलाला कळवण्यावाचून इलाज नव्हता.

मुलगा वाईट नव्हता. सामान त्याने स्वतः बांधलं, आईला जपून रिक्षात बसवलं. गल्लीतल्या आम्ही सगळ्या बायका आमच्या ओट्यापाशी जमलो होतो. मावशीने चांगला हात बाहेर काढून हलवला, पण दुसऱ्या बाजूला. तिथे कारखान्याची भिंत होती, आणि कुणीच नव्हतं.

“येते गं बायांनो! खोली दुसऱ्या कुणाला द्यायची नाही हं!”

मग माझी आई पदर सावरत रिक्षाला वळसा घालून भिंतीकडे गेली. तिच्या मागे आम्ही सगळ्या गेलो, आणि रिक्षा हलेपर्यंत त्या हातासमोर उभ्या राहिलो.