काट्यावर एकच नाव

मिरचीच्या हंगामात मी नंदुरबारजवळच्या एका मसाला कंपनीत इंटर्नशिपला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कुणी काम सांगितलं की ते आपल्याला जमेल का, हीच धाकधूक आधी. कंपनीत एक जुनी लॉगिन व्यवस्था होती. एकदा पासवर्ड टाकला की हजेरी, गोदाम, वजनकाटा, सगळं उघडायचं. ती काढून नवी आणायची होती.

"रविवारी जुनी बंद," कॉम्प्युटर विभागाच्या मॅडम म्हणाल्या. "सोमवारी सकाळी काटा थांबला तर मिरचीच्या गाड्या हायवेपर्यंत उभ्या राहतील. तो थांबायला नको, एवढं तू बघ."

सूचना मीच लिहिली. घरी आम्ही पावरी बोलतो. मराठी माझी शाळेतली, म्हणून जपून वापरतो. 'बंद' हा शब्द मला उद्धट वाटला. मी लिहिलं, 'खालील लॉगिन रविवारी सन्मानाने निवृत्त होत आहेत.' खाली विभागवार नावं. काट्यापुढे एकच नाव होतं, तिथल्या काकांचं.

दुपारी काट्याच्या खोलीत गेलो, तर टेबलावर नारळ आणि टॉवेल-टोपी. हमाल काकांना म्हणत होते, "आते घर बठा अन नातू खेळाडा!" काका मात्र हसत नव्हते.

"हाऊ कागद कोना शे?" सूचना पुढे धरत त्यांनी मला विचारलं.

"माझा, काका."

"मंग खरं सांग भो. मन्ही नोकरी गई का?"

"तुमची नाही काका, लॉगिनची!" असं काहीतरी मी बोललो. ते दोनदा समजावल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला.

"पण मन्हं एकलानंच नाव काब्र?"

"काट्यावर बाकी कुणाचं लॉगिन नाही ना."

सकाळपाळीची ताई हसली. "आम्ही पाची जण काकासनाच नाववर काम करतस!"

पासवर्ड म्हणजे काकांच्या बैलजोडीची नावं. सगळ्यांना पाठ. नव्या व्यवस्थेत मात्र कोड ज्याच्या त्याच्या मोबाईलवर येणार होता. काका दुपारपाळीला. म्हणजे सोमवारी सकाळी काटा इथे अडलेला आणि कोड तिकडे म्हसावदला, घरी असलेल्या काकांच्या खिशात!

मी धावत मॅडमकडे गेलो. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग खूप हसल्या. शनिवारपर्यंत पाचही जणांची वेगळी खाती झाली, प्रत्येकाला दोन-दोनदा उघडायला लावलं. सूचनेत मी मुकाट्याने 'बंद' लिहिलं.

सोमवारी पहिला ट्रॅक्टर काट्यावर आला. ताईने कोड टाकला, चुकला. दुसऱ्यांदा उघडलं. पावती बाहेर आली, पण ताई ती हातात धरून वाचतच राहिली.

"पावती दे ना ताई, मांगे लाईन लागनी!" ट्रॅक्टरवाला ओरडला.

"थांब रे भो. आज पहिल्यांदा पावतीवर मन्हं नाव उनं शे."

तिने मोबाईलवर पावतीचा फोटो काढला, नीट आला नाही म्हणून पुन्हा काढला, आणि मगच पावती दिली. तेवढ्यात मॅडमचा फोन आला.

"काटा चालू आहे," मी सांगितलं. "दोन मिनिटं थांबला होता, पण लॉगिनमुळे नाही."