फोनवर भुवया दिसत नाहीत

कॅनडाच्या पार उत्तरेला, बाफिन बेटावरच्या किन्गुआत गावात पन्नाशी ओलांडलेली लीटिया सतरा वर्षांच्या कौनाकला ‘आई’ म्हणते, आणि त्यावर कुणी हसत नाही. लीटियाची आई वारली त्याच हिवाळ्यात शेजारच्या घरी मुलगी जन्मली आणि शेजाऱ्यांनी म्हातारीचं नाव तिला दिलं. नाव आलं म्हणजे माणूस आलं, माणसाबरोबर त्याची नातीही आली. कौनाक बोलायला लागली तेव्हापासून ती लीटियाला ‘पोरी’ म्हणते. भर दुकानात ओरडते, "पोरी, टोपी घाल, गारठशील," आणि लीटिया मुकाट्याने टोपी घालते.

लीटिया शाळेत कामाला आहे. तिच्या हुद्द्याचं लांबलचक नाव तिला स्वतःलाही धड आठवत नाही. काम मात्र सरळ आहे: शाळा संपल्यावर काय काय करता येतं, ते पोरांना डोळ्यांनी बघायला मिळावं. गाव ते केवढं! पण आहे तेवढं ती दाखवते. कुणाला दवाखान्यात नर्सबाईंजवळ बसवते, कुणाला जनरेटरघरात सोडते, कुणाला धावपट्टीवर नेते, वसंतात बर्फावर तंबू ठोकून शिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवते. आणि शुक्रवारच्या तासाला एक धडा दरवर्षी ठरलेला. टेबलावर बंद पडलेला फोन ठेवायचा, एखाद्याला समोर बसवायचं आणि विचारायचं, "काम करायला येशील का?"

पोरगं भुवया वर करतं. किन्गुआतमध्ये हो म्हणायचं ते असंच, आणि नाही म्हणायचं तर नाक आक्रसायचं. तोंड वाजवायची गरज पडत नाही.

"ऐकू नाही आलं," लीटिया म्हणते.

पोरगं भुवया आणखी वर चढवतं. वर्ग हसून लोळतो.

"अरे शहाण्या, फोनवर भुवया दिसत नाहीत. दक्षिणेतल्या माणसाला तोंडाने सांगावं लागतं."

या वर्षी मात्र तो धडा झालाच नाही, कारण नायोमी आली.

नायोमी लीटियाची मामेबहीण. तिची आई लवकर गेली, म्हणून ती आत्याकडे, म्हणजे लीटियाच्याच घरी वाढली. पुढे दक्षिणेत जाऊन शिकली आणि आता सरकारी खात्यात मोठी बाई झाली आहे. ती गावोगावच्या शाळांना भेटी देते. या वसंतात तिने येताना एक पेटी आणली. तिच्यात डोळ्यांवर चढवायचे जाडजूड चष्मे होते. चष्मा चढवला की माणूस कधी वैमानिकाच्या खुर्चीत, कधी शस्त्रक्रियेच्या खोलीत, कधी खाणीच्या पोटात. पोरांनी नायोमीला डोक्यावर घेतलं. शुक्रवारचा तास परस्पर तिला देऊन टाकला गेला. लीटियाला कुणी विचारलंही नाही.

लीटिया वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून चहा पीत उभी राहिली आणि मनात जळत राहिली. इतकी वर्षं हाडं गोठवणाऱ्या वाऱ्यात पोरांना घेऊन हिंडायचं आपण, आणि उबदार खोलीत चष्मे वाटून भाव खाऊन जायचा हिने. बरं, ही वाईट असती तरी एक वेळ चाललं असतं. वाईटही नव्हती मेली.

कौनाकने चष्मा लावला. तिच्यासमोर विमानाचं इंजिन उघडलं असावं, कारण ती हवेत हात घालून न दिसणारे नट फिरवू लागली, हसू लागली.

"नायोमी, हे खरंखुरं शिकता येतं?"

"का नाही, आत्या? विमानदुरुस्ती शिकवणारी संस्था आहे दक्षिणेत. मी बोलते त्यांच्याशी."

‘आत्या’ हा शब्द लीटियाला झोंबला. नातं खोटं नव्हतं. म्हातारी नायोमीची सख्खी आत्याच होती, मग तिचं नाव चालवणारी पोरही आत्याच. नायोमीला अडवता येत नव्हतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. या पोरीला धावपट्टीवर पहिल्यांदा नेलं कुणी? विमान बिघडून अडकलं, मिस्त्री इंजिनात डोकं घालून बसला, तेव्हा त्याला टॉर्च धरायला तिला उभं केलं कुणी? पोर दिवसभर जेवायचं विसरली होती त्या दिवशी. आणि आता गावभर सांगत सुटली होती, "नायोमीने दाखवलं मला."

नायोमी मागे आली. "काय गं, तोंड का असं? शिळी चरबी खाल्लीस का?"

"चष्म्यांनी डोळे दुखले."

"तू लावलास कुठे?"

"लांबूनच दुखले."

नायोमी हसली. तिला बहिणीचा स्वभाव ठाऊक होता, पण त्याचं मूळ ठाऊक नव्हतं. ते लीटियाने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

नायोमी दक्षिणेतल्या शाळेत निघाली तेव्हा आईने तिच्यासाठी नवा पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोट, शिवायला घेतला होता. टोपीला लांडग्याची फर, बाह्यांना लाल पट्टी. आईची मान शिवणावर खाली, दातांत दोरा. लीटिया समोर बसली होती. मान वर न करता आईने विचारलं, "तुलाही जायचंय का गं?" लीटियाने भुवया वर केल्या, जेवढ्या जातील तेवढ्या वर. आई टाके घालत राहिली. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाली, "बरं, तू राहा माझ्याजवळ." विमानात नायोमी बसली. लीटिया धावपट्टीवर उभी राहून तो लाल पट्टीचा हात हलताना बघत राहिली, आणि आईने आपल्यापेक्षा भाचीला निवडलं, असं मनात घेऊन परतली. तेव्हापासून नायोमीच्या वाट्याला जे जे आलं, ते लीटियाला आपल्या ताटातून गेल्यासारखं वाटे. आता तर ती आईलाच घेऊन चालली होती.

वादळ येणार म्हणून नायोमीला ठरल्याआधीच विमान गाठावं लागलं. विमानदुरुस्तीच्या संस्थेने घ्यायची कौनाकची मुलाखत दुसऱ्या दिवसावर होती. जाताना नायोमी लीटियाला म्हणाली, "आत्या अनोळखी माणसाशी बोलताना लाजते. तू जवळ बस तिच्या."

"माझ्या आईबद्दल तू मला सांगू नकोस," लीटिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वादळाने पडद्यावरचं चित्र येईना, नुसता फोन लागला. शाळेच्या छोट्या कचेरीत कौनाक टेबलाशी बसली आणि लीटिया तिच्या शेजारी. फोनमधला माणूस सभ्य होता. इंजिनाबद्दल विचारलं तेव्हा कौनाक नीट बोलली. टॉर्च धरल्याचंही तिने सांगितलं, आणि वर म्हणाली, "आमच्या लीटियाने नेलं होतं मला." लीटियाला हे ऐकून बरं वाटलं आणि लगेच आणखी वाईट वाटलं.

मग त्या माणसाने विचारलं, "घरापासून फार लांब राहावं लागेल. पुष्कळ मुलं अर्ध्यातून परत जातात. तुमची खरंच यायची तयारी आहे?"

कौनाकने भुवया वर केल्या.

फोन गप्प. "हॅलो? तुमची तयारी आहे का?"

कौनाकने भुवया अजून वर चढवल्या. घाबरून तिचे डोळे एवढे मोठे झाले होते. यापेक्षा मोठ्याने हो म्हणता येत नाही, असं ते हो होतं. आणि ते बघणारं माणूस त्या खोलीत एकच होतं.

लीटियाने मिठाची गुळणी धरली. आपण खोटं कुठे बोलतोय, तिने स्वतःला समजावलं. आपण फक्त गप्प बसलोय. पोर इथेच राहील. रोज दुकानात टोपी घाल म्हणेल. आणि नायोमीला एकदा, एकदा तरी, रिकाम्या हाताने बसावं लागेल.

"असं दिसतंय की अजून तुमचं मन होत नाहीये," फोनमधला माणूस मऊ आवाजात म्हणाला. "हरकत नाही. राहा घरच्यांजवळ."

तू राहा माझ्याजवळ. आईही असंच म्हणाली होती.

कौनाकने तिच्याकडे वळून बघितलं. बोलायचा धीर सरला होता. ओठांवर आलं ते एवढंच, "पोरी, पाठवशील ना मला?" तिच्या स्वतःच्या आईबापांचा होकार कधीच मिळाला होता. आता ती लेकीची परवानगी मागत होती.

लीटियाने भुवया वर केल्या.

दोघी एकमेकींकडे बघत, भुवया चढवून, त्या मुक्या फोनसमोर तशाच बसल्या. "हॅलो? आहात का?" फोन म्हणाला. कौनाकला आधी हसू फुटलं. मग लीटियाने फोन स्वतःकडे ओढला आणि गरजेपेक्षा बरंच मोठ्याने म्हणाली, "ती हो म्हणतेय. मघापासून तेच म्हणतेय. आमच्याकडे ते चेहऱ्याने म्हणतात. तुम्हाला दिसलं नाही आणि मला दिसत होतं. आई, आता तोंडाने सांग त्यांना."

"हो," कौनाक म्हणाली. "मी येते."

जागा मिळाली. फोन ठेवल्यावर चहा आणि बॅनक रोटीचा तुकडा समोर घेऊन दोघी बसून राहिल्या, आणि लीटियाने पार्क्याची ती गोष्ट पहिल्यांदा तोंडाने सांगितली. फर, लाल पट्टी, खाली घातलेली मान.

"मी भुवया वर केल्या होत्या, आई."

कौनाक बॅनक चावायची थांबली. बराच वेळ तिने लीटियाचा चेहरा न्याहाळला. मग कपावरचा तिचा हात आपल्या हातात घेतला.

"मी शिवत होते," ती म्हणाली. "मान वर करायला हवी होती मी, पोरी."

लीटियाने बाहीला नाक पुसलं. कौनाकसाठी पार्का आपणच शिवायचा, आणि पट्टी लालच लावायची, हे तिने तिथेच ठरवलं. थोड्या वेळाने कौनाकने आठवण करून दिली की नायोमी वाट बघत असेल, तिला फोन करायला हवा.

"उद्या करू," लीटिया म्हणाली. "आजचा दिवस तरी तिला नको सांगूस."