विरोधात एक हात

मी नववीला नागरिकशास्त्र शिकवतो. निर्भय मतदान हा माझा आवडता विषय. त्यावर बोलताना माझा आवाज इतका चढतो की शेजारच्या वर्गातली पोरं दार लोटून घेतात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना हसायला सोपं जाईल.

आमच्या ग्रामसभेत यंदा एक ठराव आला. शासनाला कळवायचं होतं की लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक बाई यांचंच, तेही आईवडिलांच्या सहीनं. बाकी कशाला लग्न म्हणू नये, त्याची नोंद करू नये. शेजारच्या गावातली एक मुलगी पळून गेली होती आणि आमच्या उपसरपंचांनी टीव्हीवर कोर्टातली चर्चा बघितली होती. दोन्हींचा राग त्यांनी एकाच ठरावात भरला.

आता माझी अडचण. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. उन्हाळ्यात तिला भेटायला गेलो, तेव्हा तिनं सांगितलं की तिच्या खोलीवर राहणारी मैत्रीण ही नुसती मैत्रीण नाही. आयुष्य तिच्यासोबतच काढायचंय. मी चहात बिस्कीट बुडवून बसलो होतो. ते विरघळून तळाला गेलं, तसा पोरीनं चमचा काढून दिला. मी म्हणालो, "बघू." आणि निघताना, "आईला सांगू नको, तिला झेपायचं नाही."

पोरीसाठी निदान या ठरावाला विरोध करायचा, असं मी ठरवलं. भाषणाची तयारी लोहाऱ्याच्या शाळेतून घरी येताना मोटारसायकलवर केली. हेल्मेटच्या आत मी फार प्रभावी बोलतो.

सभा मारुतीच्या देवळासमोर भरली. बायका पायऱ्यांवर, आम्ही खाली सतरंजीवर. पाण्याची टाकी झाली, दिवाबत्ती झाली, मग हा ठराव. "बाजूनं कोण?" भराभर हात वर गेले. माझा गेला नाही, एवढी मर्दुमकी मी दाखवली.

"विरोधात?"

मी हात उचलला. खरंच उचलला. तो कानापर्यंत आला आणि पुढं जाईना. शेजारचा म्हातारा माझ्याकडं बघत होता.

"काय ओ गुरुजी, हात वर करायलाव का कान खाजवायलाव?"

अख्खी सभा वळली.

"कान," मी म्हणालो. आणि पुरावा म्हणून चांगला जोरात खाजवला.

हशा पिकला. तो ओसरायच्या आत पायऱ्यांवरून एक हात वर गेला. ताठ, बांगड्या कोपराकडं घसरलेल्या. माझ्या बायकोचा.

"वहिनी, टाकीचं कवाच झालं," उपसरपंच समजुतीनं म्हणाले. "हे लग्नाचं हाय."

"व्हय, ऐकू येतंय मला. विरोधात एक लिवा."

"गुरुजींना इचारलं का?"

"त्यांचं खाजवून होऊ द्या आधी."

ठराव मंजूर झाला. विरोधात एक.

घरी जाताना ती पुढं, मी मागं. दारात चपला काढताना मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तुमच्या आधी. तुम्हाला झेपायचं न्हाय म्हणून मीच तिला गप बस म्हणलं होतं. पण तुमच्यावर लई जीव तिचा. राहवलं न्हाय."

मला त्या वेळी बिस्कीट आठवलं, आणि पोरीनं काढून दिलेला चमचा.

संध्याकाळी तिचा फोन आला. सभेचं तिला गावातल्या मैत्रिणीनं कळवलं होतं. तिनं मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "पप्पा, येळवशीला आम्ही दोघी येऊ का?"

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवतं. भज्जी आणि आंबील घ्यायला माणसं या शेतातून त्या शेतात फिरतात, आणि नवा चेहरा दिसला की कोण, कुणाची, हे विचारल्याशिवाय कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही.

जिभेवर "बघू" आलं होतं. बायको समोर बसली होती.

"या," मी म्हणालो.

"पप्पा, कुणी विचारलं तर काय सांगाल?"

"घरचीच आहे म्हणून सांगेन. माझ्या लेकीची जोडीदार."

हे मी इतक्या हळू बोललो की फोनलाही शंका यावी. खिडकी उघडी होती आणि समोरच्या ओट्यावर उपसरपंच बसले होते. खिडकी लावायला मी उठलो, तर बायकोनं मनगट धरून खाली बसवलं.

"मोठ्यानं बोला की. पोरीला ऐकू गेलं नसंल."

मग मी तेच पुन्हा बोललो, जरा मोठ्यानं.