आयसीयूतला डबा

पोलिसातल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत कितीतरी गुन्हे तपासले, बरेचसे विसरलोही. पण एक घटना काही केल्या मनातून जात नाही. ती निवृत्तीनंतरची आहे, आणि घडली अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, माझ्या लेकीच्या स्वयंपाकघरात.

शेजारी नागपूरची एक मुलगी राहायची. इथे शिकायला आली आणि इथल्याच नागरिक मुलाशी लग्न केलं. नवऱ्यामार्फत ग्रीन कार्डाचा अर्ज केलेला होता. तो प्रलंबित असताना परदेशी जायचं तर आधी प्रवासाचा परवाना हातात लागतो. तसंच निघालं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. तिचा परवाना आला नव्हता, आणि धाकट्या भावाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. "मला नाही जमणार" असं तिने घरी कळवून टाकलं होतं.

एके दिवशी सकाळी ती रडतच आली. "काका, आई आयसीयूत आहे. इमर्जन्सी परमिटसाठी दुपारची अपॉइंटमेंट मिळालीय. भावाने डॉक्टरांचं लेटर पाठवलंय, बघा."

मी सवयीने वाचलं. शिपायांच्या रजेच्या अर्जांना जोडलेले असे दाखले मी पोत्याने पाहिलेत. आजाराचं नाव मोघम, पण रजा कधीपर्यंत हवी ते तारखेनिशी पक्कं. इथेही तेच होतं. मुलीने जवळ राहणं आवश्यक, अमुक तारखेपर्यंत. ती तारीख भावाच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची होती. रडणाऱ्या माणसाला तारखा दिसत नाहीत.

"भावाला व्हिडिओ कॉल लाव. मध्ये बोलायचं नाही," मी तिला बजावलं.

आजाराबद्दल मी त्याला एक शब्द विचारला नाही. खोटं बोलणारा तेवढं पाठ करूनच येतो.

"दवाखान्यात मुक्कामाला कोण असतं?"

"मीच, काका."

"मग तुझा डबा कोण करतं?"

"आईच..." तो बोलून गेला.

"अरे वा! आयसीयूतून डबा?"

मग पोरगा ढासळला. "काका, ताईशिवाय करवली कोण? करा-दिवा घेऊन माझ्या मागे कोण उभं राहणार? डॉक्टर ओळखीचे आहेत, दिलं लेटर. रजेसाठी सगळेच देतात ना!"

माझा पारा चढला. "गाढवा, हा रजेचा अर्ज आहे का? हे लेटर दुपारी हिने सरकारला दिलं असतं, तर खोट्या कागदाचा ठपका हिच्यावर बसला असता. ग्रीन कार्ड तर गेलंच असतं, नवऱ्याचं घर सोडून परतायची पाळी आली असती!"

माझा आवाज ऐकून त्याची आई कणकेच्या हातांनीच पडद्यावर आली. "कोण आयसीयूत? काय करून राहिलास रे तू?" बिचारीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मुलगी आईला पाहून हसायला लागली, मग पुन्हा रडायला. आपण फसवले गेलो याचा इतका आनंद झालेला फिर्यादी मी नोकरीत एकही पाहिला नाही.

तिने अपॉइंटमेंट कॅन्सल केली.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं, म्हणजे इथे सकाळ. फोन डब्यांना टेकवून ती आमच्या ओट्यापाशी नऊवारी नेसून उभी राहिली. हातात आमचाच तांब्या, त्यावर दिवा. तिकडे मांडवात नवरदेवाच्या मागची जागा रिकामीच होती. आईने ती कुणालाही दिली नव्हती. अक्षता पडल्या तेव्हा मला तिच्याकडे पाहवेना.

नोकरीत खोटे दाखले मी खूप पकडले आणि त्याचा तोराही मिरवला. पण दाखला आणणाऱ्या शिपायाची घरी कोण वाट बघतंय, हे एकदाही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. रजा नाकारली असती तरी विचारायला हवं होतं.

पुढे दीड महिन्याने परवाना आला. पाकीट घेऊन ती आधी माझ्याकडेच आली.

"काका, एकदा चेक करा ना."

मी चष्मा लावला. पुढून, मागून, तीनदा वाचला.

"खरा आहे," म्हणालो. "जा पोरी, आईला भेटून ये."